क्लाऊड कॉम्प्युटिंग : जागा परक्याची, जबाबदारी आपली

रुग्णपत्रके, देयके व साठ्याच्या नोंदी यांसाठी आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत संगणक आला, त्याला आता बराच काळ लोटला. अलीकडे मात्र संगणकप्रणालींचे विक्रेते दारी येऊन निराळेच सांगू लागले आहेत. संगणक जुना असला तरी चालेल, माहिती मात्र 'क्लाऊड'वर ठेवा, असा त्यांचा आग्रह असतो. हे क्लाऊड म्हणजे काय, त्यात आपला लाभ कोणता, आणि रुग्णांची माहिती परक्याच्या स्वाधीन करणे उचित आहे काय, अशी पृच्छा वैद्यबंधूंकडून व औषधालयचालकांकडून वारंवार होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऊहापोह करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम नावाविषयी. संगणकांच्या जाळ्याचा आराखडा काढताना, ज्या भागाच्या अंतर्रचनेशी आपल्याला कर्तव्य नाही तो भाग ढगाची आकृती काढून दाखविण्याची अभियंत्यांची जुनी रीत आहे. त्यावरून हे नाव रूढ झाले. आकाशाशी त्याचा काहीही संबंध नाही. आंतरिक्ष जल अव्यक्तरस असते व भूमीवर पडताच त्या त्या देशाचे गुण घेते, हे आपण द्रवद्रव्यांच्या प्रकरणात शिकलो आहोत. क्लाऊडवरील माहितीचेही तसेच आहे. ती अखेर कोठेतरी भूमीवरच, अखंड वीजपुरवठा, शीतयंत्रणा व पहारा असलेल्या एखाद्या मोठ्या इमारतीत सर्व्हर नामक संगणकांवर साठविलेली असते, आणि त्या इमारतीचे व ती चालविणाऱ्याचे गुणदोष तिला चिकटतात. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. तेव्हा आपली माहिती परदेशीच जाते, ही समजूत सरसकट खरी नाही. ती कोठे ठेवावी, हे बहुधा निवडता येते.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. वीज वा पाणी यांप्रमाणे संगणनशक्तीही सार्वजनिक सेवा म्हणून पुरविली जाईल, असे जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच बोलून दाखविले होते. व्यवहारात ती उतरली २००६ मध्ये, जेव्हा ॲमेझॉनने साठवण व संगणन या सेवा वापराप्रमाणे भाड्याने देण्यास आरंभ केला. भारत सरकारनेही आपल्या खात्यांसाठी 'मेघराज' या नावाने क्लाऊडचा उपक्रम हाती घेतला असून त्याअन्वये राष्ट्रीय क्लाऊड २०१४ मध्ये सुरू झाला.

आमच्या वाचकांना हा विषय समजण्यास परदेशी दृष्टान्ताची गरज नाही. आपल्या व्यवसायातील लोन लायसन्सची पद्धती डोळ्यांपुढे आणावी. ज्याची स्वतःची रसशाळा नाही असा औषधनिर्माता दुसऱ्या परवानाधारकाच्या जागेत, त्याच्या यंत्रसामग्रीवर, स्वतःच्या नावाने औषध तयार करतो. खल त्याचा, भट्टी त्याची, पल्व्हरायझर त्याचा; परंतु लेबलावर नाव आपले. यंत्रे विकत घेण्यात भांडवल अडकत नाही, आणि जितके उत्पादन तितकेच भाडे द्यावे लागते. क्लाऊडमध्ये हेच घडते. कोणी केवळ 'भट्टी' भाड्याने घेतो, म्हणजे सर्व्हर व साठवण तेवढी घेऊन त्यावर आपली प्रणाली आपण चालवितो. कोणी सिद्ध उपकरणांसह मांडलेली रसशाळा घेतो व त्यात आपला कल्प बनवितो. आणि बहुसंख्य लोक सिद्ध औषधच विकत घेतात, म्हणजे दुसऱ्याने तयार केलेली देयकांची वा रुग्णनोंदींची प्रणाली मासिक अथवा वार्षिक वर्गणी भरून वापरतात. वैद्य व दुकानदार यांचा संबंध बहुतांशी या तिसऱ्या प्रकाराशीच येतो.

आता लाभाकडे वळू. औषधनिर्मिती एका गावी, घाऊक गोदाम दुसऱ्या गावी आणि किरकोळ विक्रीची दोन दुकाने तिसऱ्याच ठिकाणी, अशी रचना असलेल्या व्यवसायाला सर्वाधिक लाभ होतो, असे आमचे मत आहे. शेड्यूल टी अन्वये निर्मात्याने प्रत्येक बॅचची निर्मितीनोंद, वितरणाची नोंद व बाजारातून आलेल्या तक्रारींची नोंद ठेवणे आवश्यक आहे. या नोंदी प्रत्येक ठिकाणच्या स्वतंत्र वहीत वा स्वतंत्र संगणकात असल्या, तर अमुक बॅचच्या चूर्णाचे किती डबे कोठे शिल्लक आहेत याचे उत्तर मिळविण्यास दूरध्वनीवर दिवस जातो. सर्व ठिकाणांची नोंद एकाच जागी पडत असेल तर ते उत्तर काही क्षणांत मिळते. शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन मासांची सांगितली, आसवारिष्टे मात्र जुनी झाली तरी गुणकारी मानली. आजचे कायदेशीर कालावधी निराळे असले, तरी प्रत्येक कल्पाचा कालावधी भिन्न हे तत्त्व कायमच आहे. एका दुकानात मुदत संपत आलेला माल पडून आहे व दुसऱ्या दुकानात तोच संपला आहे, हा प्रकार टळला तरी वर्गणीचा बराच भाग वसूल होतो. आणि दुर्दैवाने एखादी बॅच परत मागविण्याचा प्रसंग आलाच, तर त्या वेळी हिशेब केवळ पैशाचा नसतो, रुग्णाच्या प्रकृतीचाही असतो.

दुसरा लाभ प्रणाली अद्ययावत राहण्याचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून, पूर्वी १२ टक्क्यांच्या गटात मोडणाऱ्या आयुर्वेदिक औषधांवरील जीएसटीचा दर ५ टक्के झाला. प्रणाली दुकानातील संगणकातच असेल, तर असा बदल प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे करून घ्यावा लागतो व तोवर देयके चुकण्याची धास्ती राहते. क्लाऊडवरील प्रणालीत पुरवठादार हा बदल एकाच जागी करतो व तो सर्वांना लागू पडतो. तिसरा लाभ लवचीकतेचा. हेमंत-शिशिरात अवलेहांची मागणी वाढते आणि ग्रीष्मात ओसरते, हा आपला नित्याचा अनुभव. ऑनलाईन मागणी घेणाऱ्या निर्मात्यास हिवाळ्यापुरती क्षमता वाढवून पुढे ती कमी करता येते. एका गावातील एका दुकानास या लाभाचे विशेष प्रयोजन नाही.

चौथा लाभ आपत्तीत कळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळुणात पुराचे पाणी बाजारपेठांत शिरले. अशा वेळी औषधांचा साठा पुन्हा भरता येतो, त्यासाठी विमाही असतो. परंतु तीस वर्षांची रुग्णपत्रके, त्यांतील नाडी, प्रकृती, अनुपान व उपशय यांच्या नोंदी भिजल्या की त्या कोणताही विमा परत देत नाही. ज्या नोंदींची एक प्रत त्या गावाबाहेर आहे, त्याच उरतात.

येथवर वाचून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की क्लाऊडवर ठेवलेले अक्षय होते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत संपूर्ण जळाली. ज्या ग्राहकांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना केलेल्या चुकीमुळे साठवणसेवा काही तास बंद पडून अनेक संकेतस्थळे ठप्प झाली. उलटपक्षी, सर्व्हर आपल्याच आवारात असले म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर विषाणूने संस्थेच्या आवारातील सर्व्हर निकामी केले, आणि त्यानंतर सुमारे दोन आठवडे रुग्णनोंदणी हाताने करावी लागली.

याच संदर्भात एक भेद आवर्जून सांगितला पाहिजे, कारण तो ठाऊक नसल्याने पुष्कळांची फसगत होते. संगणकातील फोल्डर क्लाऊडशी 'सिंक' करणे म्हणजे राखीव प्रत अथवा बॅकअप नव्हे. सिंकमध्ये येथे जे घडते तेच तेथे घडते. आपल्या मदतनिसाने चुकून फाईल पुसली तर तेथूनही ती पुसली जाते. विषाणूने ती विकृत केली तर विकृत प्रतच वर चढते. जुन्या आवृत्ती काही दिवस जपून ठेवण्याची सोय बऱ्याच सेवांत असते, परंतु तिची मुदत आपण स्वतः पाहून घ्यावी. मूळ माहितीखेरीज आणखी दोन प्रती, त्यांतील एक निराळ्या साधनावर व एक निराळ्या स्थळी, हा नियम जाणकार सांगतात. दिवसाला वीस-पंचवीस रुग्ण पाहणाऱ्या एकट्या वैद्याला मोठ्या प्रणालीची आवश्यकता नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दर आठवड्यास एका बाह्य डिस्कवर दिनांकासह काढलेली व एरवी संगणकापासून अलग ठेवलेली प्रत, आणि कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली एक प्रत क्लाऊडवर, इतके त्याला पुरेसे आहे.

आता जबाबदारीविषयी. लोन लायसन्समध्ये दुसऱ्याच्या भट्टीत औषध बिघडले तरी औषध प्रशासन लेबलावरील नावाला विचारते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याची दृष्टी हीच आहे. रुग्णाची माहिती ज्याने घेतली तो उत्तरदायी. ती साठविण्याचे काम त्याने दुसऱ्याकडून करून घेतले तरी उत्तरदायित्व त्याचेच राहते, आणि त्या दुसऱ्याशी रीतसर करार असावा लागतो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लहान चिकित्सालयास एवढा दंड होईल असे कोणी म्हणत नाही, परंतु 'ते सॉफ्टवेअरवाल्याकडे आहे' हे उत्तर चालणार नाही, हे निश्चित.

यास्तव प्रणाली घेण्यापूर्वी विक्रेत्याला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. माहिती कोणत्या देशात, कोणत्या शहरात राहील? दुसरी प्रत त्याच आवारात की अन्यत्र? आमच्या रुग्णांच्या नोंदी व आमचे अनुभूत योग तुमच्या कोणत्या कर्मचाऱ्यास दिसू शकतात? इंटरनेट बंद असता देयक निघेल काय? (ग्रामीण भागात हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा.) वर्गणी थांबल्यास माहिती किती दिवस ठेवाल? आणि आम्ही तुम्हाला सोडून जाऊ तेव्हा सर्व नोंदी अन्य प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात परत द्याल काय? या अखेरच्या प्रश्नास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून प्रणाली घेऊ नये. नोंदी परत मिळतात की नाही हे पहिल्याच महिन्यात स्वतः काढून, उघडून पाहावे.

किल्लीचा विषय मात्र आपल्या घरातील आहे. सर्वांसाठी एकच पासवर्ड, तोही काउंटरवरील कॅलेंडरच्या मागे लिहिलेला, हे दृश्य विरळ नाही. प्रत्येक मदतनिसास स्वतंत्र प्रवेश द्यावा, त्याने काम सोडताच तो त्याच दिवशी बंद करावा, आणि पासवर्डखेरीज मोबाईलवरील दुसरी पडताळणी सुरू ठेवावी. तसेच अनेक वैद्य आपल्या नोंदी, हस्तलिखितांची छायाचित्रे व रुग्णांचे अहवाल स्वतःच्या विनामूल्य गूगल खात्यात ठेवतात. त्या खात्यात १५ जीबी इतकीच जागा असते. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३ पासून आरंभ केला आहे. पूर्वी वैद्य निवर्तले तरी त्यांच्या वह्या कपाटात राहत व पुत्र, कन्या वा शिष्य त्या उघडीत. आता ते कपाटच ठरावीक काळाने आपोआप नाहीसे होऊ शकते. याच सेवेत खाते निष्क्रिय झाल्यास माहिती कोणाकडे सोपवावी हे आधी नोंदवून ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. त्याबरोबरच खात्यांची नावे, नोंदी कोठे आहेत व देयक कोणत्या तारखेस भरावयाचे, हे एका कागदावर लिहून तो परवान्याच्या कागदपत्रांसोबत बंद लिफाफ्यात ठेवावा आणि घरातील एका व्यक्तीस तो कोठे आहे हे सांगून ठेवावे.