करवंटीवरील यांत्रिक कोरीवकाम : स्पर्शबिंदूंच्या अंतराचा विचार

संगणक-नियंत्रित (सीएनसी) यंत्रास दिलेली कोरीवकामाची आकृती सामान्यतः सपाट पृष्ठ गृहीत धरून रचलेली असते. नारळाची करवंटी सपाट तर नसतेच, शिवाय कोणत्याही दोन करवंट्यांचा घाट एकसारखा नसतो. म्हणून कोरण्यापूर्वी प्रत्येक करवंटीचे पृष्ठ स्वतंत्रपणे मोजावे लागते.

त्यासाठी करवंटीवरील तंतू घासून काढून ती प्लॅस्टरच्या बैठकीत पक्की बसवितात व यंत्राच्या स्पर्शकाने चौरस जाळीतील प्रत्येक बिंदूची उंची टिपतात. मधल्या जागांची उंची अंतर्वेशनाने काढून तदनुसार हत्यार वरखाली केले जाते. मोजणीनंतर करवंटी किंचितही हलता कामा नये.

जाळी किती दाट असावी, हा येथील खरा प्रश्न होय. करवंटी ५० मि.मी. त्रिज्येचा गोल मानू. बिंदूंतील अंतर १० मि.मी. ठेवल्यास, माथा ज्या चौकटीच्या मध्यभागी येतो तेथे काढलेली उंची प्रत्यक्षाहून सुमारे ०.५ मि.मी. कमी भरते, हत्यार तितकेच अधिक खोल जाते. ९० अंशांच्या टोकदार हत्याराने पडणाऱ्या रेषेची रुंदी खोलीच्या दुप्पट असते. त्यामुळे १ मि.मी. योजलेली रेषा २ मि.मी. होते. अंतर ५ मि.मी. केल्यास चूक चतुर्थांशावर, म्हणजे ०.१२५ मि.मी.वर येते, बिंदू मात्र सुमारे चौपट लागतात.

सारांश, चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तेव्हा जाळीची घनता वस्तूच्या आकारमानावरून न ठरविता तिच्या वक्रतेवरून व रेषेच्या अपेक्षित सूक्ष्मतेवरून ठरविणे हेच युक्त होय.