सलग चार वेळा एकच खासदार: दुसरबीडने काय मोजावे?

बुलढाणा लोकसभा मतदारसंघाने २००९ पासून खासदार बदललेला नाही. प्रतापराव जाधव यांनी २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग चार निवडणुका जिंकल्या. त्याआधी १९९५ ते २००९ या काळात ते तीनदा मेहकरचे आमदार होते आणि युती सरकारात राज्यमंत्रीही झाले. मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरच्या दुसरबीडमध्ये ज्याने २००९ साली पहिले मत दिले, त्या मतदाराने दुसरा खासदार पाहिलेलाच नाही. अशा कारकिर्दीबद्दल गावात दोनच मते ऐकू येतात. इतक्यांदा निवडून येतात म्हणजे काम असणारच, हे एक. इतक्या वर्षांत केले काय, हे दुसरे. दोन्ही मतांमध्ये वर्षेच मोजली जातात, म्हणून दोन्ही अपुरी आहेत. जे काम पाच वर्षांत उरकत नाही आणि ज्याची किल्ली दिल्लीतच आहे, ते किती पुढे सरकले, यावरच दीर्घ खासदारकी जोखायला हवी.

आधी ही कारकीर्द इतकी लांबली कशी, ते पाहू. १९७७ ते २००४ या काळात बुलढाणा अनुसूचित जातींसाठी राखीव होता आणि इथला कौल सारखा बदलत असे. १९८४ मध्ये अवघ्या पंचविशीतले मुकुल वासनिक निवडून आले. १९८९ मध्ये भाजपचे सुखदेव काळे, १९९१ मध्ये पुन्हा वासनिक, १९९६ मध्ये शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ मध्ये परत वासनिक आणि १९९९ व २००४ मध्ये परत अडसूळ. पंधरा वर्षांत पाचदा खासदार बदलल्यावर लांब पल्ल्याच्या मागणीचा पाठपुरावा कोणी करायचा? मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ पासून बुलढाणा लोकसभा खुली झाली, तर मेहकर विधानसभा राखीव झाली. एकाच फेरबदलाने जाधवांची आमदारकीची वाट बंद झाली आणि खासदारकीची उघडली. अडसूळ अमरावतीला गेले, वासनिक रामटेकला. दोघेही तिथून निवडून आले. जाधवांची मेहनत आणि जनसंपर्क नाकारण्याचे कारण नाही. पण सातत्याचे सगळे श्रेय व्यक्तीला देणे इतिहासाला धरून नाही.

आता या सातत्याचा उपयोग कशात होतो? सर्वसाधारण समज असा की खासदार म्हणजे निधी. खासदार स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटींचा असतो. सतरा लाखांहून अधिक मतदारांमध्ये वाटला तर माणशी तीस रुपयेही होत नाहीत. करोनाच्या काळात तर तो निधी काही काळ बंदच होता. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे यांच्या पलीकडे तो फारसा पुरत नाही, आणि ही कामे पहिल्यांदा निवडून आलेला खासदारही करू शकतो. अनुभवाचे खरे मोल संसदेच्या समित्यांमध्ये असते. तिथे सर्व पक्षांचे खासदार मंत्रालयाच्या सचिवांना समोर बसवून हिशेब विचारतात. जाधव २०१९ नंतर ग्रामीण विकासविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष होते आणि २०२२ मध्ये दळणवळण व माहिती तंत्रज्ञानविषयक समितीचे अध्यक्ष झाले. ग्रामीण विकास समितीने २०२२ च्या अहवालात मनरेगाचे हमीचे दिवस १०० वरून १५० करण्याची शिफारस केली होती. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. तिची व्याप्ती वाढवा, असे सांगणाऱ्या समितीच्या अध्यक्षपदी विदर्भातला माणूस होता, ही गोष्ट मला मोलाची वाटते. हे काम गावात दिसत नाही म्हणून ते मोजलेच जात नाही. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हा आक्षेप खरा आहे. तरीही सरकारला तिच्यावर लेखी उत्तर द्यावे लागते, आणि प्रश्न नोंदीवर राहतो.

दुसरबीडच्या डोळ्यांसमोरच्या दोन गोष्टी मात्र या हिशेबात धरता येत नाहीत. समृद्धी महामार्ग याच परिसरातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये तो नागपूर ते शिर्डी असा खुला झाला. पण तो राज्य सरकारचा प्रकल्प आहे, त्याचे श्रेय खासदाराच्या खात्यावर मांडता येत नाही. तसेच गावचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला, त्या दुःखाचे ओझेही खासदाराच्या माथी मारता येणार नाही. सहकार आणि साखरेचे निर्णय मुख्यतः मुंबई-पुण्यातले आणि संचालक मंडळाचे. ज्याची जबाबदारी त्याच्याकडेच हिशेब मागितला, तर हिशेबाला धार येते.

ती धार रेल्वेच्या प्रश्नावर यायला हवी, कारण रेल्वे केंद्राची आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातून, मलकापूर-नांदुरा-शेगाव असा जातो. घाटावरचे चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हे तालुके आजही रुळांविना आहेत. खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची. हा मार्ग झाला तर सिंदखेडराजा भागातल्या सोयाबीन-कापसाला घराजवळच्या स्थानकातून बाजारपेठ गाठता येईल आणि जिजाऊंच्या जन्मगावी येणाऱ्यांना रेल्वेने पोचता येईल. राज्याने निम्म्या खर्चाची तयारीही दाखवली आहे, पण या मार्गावर अजून गाडी धावलेली नाही. यावर असे म्हटले जाईल की एकटा खासदार रेल्वे कशी आणणार? आणू शकत नाही, हे मान्य. सर्वेक्षण, परताव्याचा दर, राज्याचा वाटा, केंद्राची मंजुरी, भूसंपादन अशा पायऱ्या असतात आणि सरकारे बदलली की फायली थांबतात. पण नेमक्या याच कारणासाठी एकच माणूस दीर्घकाळ तिथे असणे उपयोगाचे असते. सलग चार वेळा दिलेल्या कौलाचा अर्थ या बाबतीत लागणार नसेल, तर कुठे लागणार?

दीर्घ खासदारकी म्हणजे साचलेपणा, असाही एक आक्षेप आहे. मताधिक्याचे आकडे त्याला काहीसे बळ देतात. २०१४ आणि २०१९ मध्ये लाखाच्या वर असलेली आघाडी २०२४ मध्ये सुमारे २९ हजारांवर आली. जाधवांच्या शिवसेनेतली फूट हे त्याचे मोठे कारण असणार. पण शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर लढलेल्या अपक्ष रविकांत तुपकरांना सुमारे अडीच लाख मते पडली, त्याचा अर्थ केवळ फुटीत शोधता येत नाही. सोयाबीन-कापूस पिकवणाऱ्याची ती नाराजी होती. ती ऐकण्यासाठी खासदार बदललाच पाहिजे असे नाही, पण ती ऐकली मात्र पाहिजे.

जून २०२४ मध्ये जाधव आयुष खात्याचे स्वतंत्र प्रभार असलेले आणि आरोग्य खात्याचे राज्यमंत्री झाले. मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही आणि स्थायी समितीवर बसता येत नाही. त्याबदल्यात मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांशी थेट बोलता येते. म्हणजे कारणे कमी झाली आणि अपेक्षा वाढली. २०२९ मध्ये या खासदारकीला वीस वर्षे होतील. तोवर दुसरबीडच्या आणि घाटावरच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने ठराव करून खामगाव-जालना मार्ग नेमका कोणत्या पायरीवर आहे, याचे लेखी उत्तर दर वर्षी खासदारांकडून मागवावे.