दारावरून परतलेला मजकूर

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या सभासदांच्या आठवणी चढविण्याचे काम माझ्या वाट्यास आले. स्थळ 'वर्डप्रेस' या प्रणालीवर उभे आहे. घरच्या संगणकावर निवांतपणे लेख लिहावा आणि एका कळीसरशी तो मंडळाच्या स्थळावर धाडावा, एवढ्या हेतूने मी एक लेखन-साधन घेतले. जोडणी करावयास गेलो, तो उत्तर आले : ४०१.

अशा वेळी माणूस पासवर्ड पुन्हापुन्हा टंकतो. मीही तेच केले. वस्तुतः या आकड्यांना अर्थ असतो. ४०१ म्हणजे 'आपली ओळख पटली नाही'. ४०३ म्हणजे 'आत येण्यास मनाई'; पुष्कळदा ही मनाई सुरक्षेसाठी बसविलेल्या पहारेकरी प्रोग्रॅमचीच असते. ४०४ आल्यास पत्ता तपासावा. ५०० आल्यास मात्र आपला दोष शोधीत बसू नये, बिघाड बहुधा पलीकडेच असतो.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून वर्डप्रेसने बाहेरील साधनांसाठी निराळ्या पासवर्डची सोय केली आहे. आपल्या प्रोफाइलच्या पानावर तो तयार करावा लागतो. चोवीस अक्षरांचा हा पासवर्ड एकदाच दिसतो, आणि नको झाल्यास तेवढाच रद्द करता येतो. तो दिला, तरी ४०१ हटेना! शेवटी उलगडा झाला : काही सर्व्हरांवर हे ओळखपत्र वर्डप्रेसपर्यंत पोहोचतच नाही, देवडीवरच काढून घेतले जाते. सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींनी एका फाइलीत एक ओळ घातली आणि मार्ग मोकळा झाला.

खरा घात पुढेच होता. शहाऐंशी वर्षांच्या एका आजींनी सांगितलेल्या आठवणी मी ऐकता ऐकता टंकल्या होत्या. त्या धाडल्या. स्थळावर पाहतो तो सारी प्रश्नचिन्हे! साधनाने लगोलग स्थळावरची प्रत परत आणून माझ्याकडील मजकुरावर बसविली. मूळ प्रतही गेली.

कारण साधे होते. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. आमच्या स्थळाचे कोष्टक फार पूर्वी केवळ युरोपीय लिपींपुरत्या अक्षरसंचावर तयार केलेले. न मावणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह मांडले. मराठीऐवजी मात्रा-टोप्या घातलेली चमत्कारिक रोमन अक्षरे दिसली, तर धीर सोडू नये. तेथे बाइट बहुधा शाबूत असतात, वाचण्यात चूक होते. प्रश्नचिन्ह उमटले की मात्र अक्षर गेलेच. आधी सगळ्याची राखीव प्रत काढून आम्ही कोष्टके 'यूटीएफ-८ एमबी-४' या अक्षरसंचात बदलून घेतली. पण गेलेले परत आले नाही.

आजींकडे पुन्हा गेलो. त्या रागावल्या नाहीत. "मग काय झालं, पुन्हा सांगते," एवढेच म्हणाल्या. मात्र राजवाड्याजवळच्या बिऱ्हाडाचे पहिल्या खेपेचे रसाळ वर्णन त्यांनी दोन वाक्यांत उरकले. उलट थोरल्या जाऊबाईंचा एक प्रसंग आधी आलाच नव्हता, तो या वेळी निघाला. तेवढ्यासाठी त्या बराच वेळ थांबून बोलत होत्या.

या खेपेस लेख धाडण्यापूर्वी मी त्याची छापील प्रत काढली आणि आजींच्या हाती नेऊन दिली.