युद्धनौकेचा खरा रंग कोणता?

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस युद्धनौकांच्या मॉडेलवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण मॉडेल करणारे ज्या प्रश्नावर तासन्‌तास वाद घालतात, तो मुळात आमचाच आहे: एखादी गोष्ट अमुक अशीच होती, हे आपण कशावरून म्हणतो?

एकच उदाहरण घेऊ. 'ॲरिझोना' ही अमेरिकन युद्धनौका. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्यात ती बुडाली आणि तिच्यावरची ११७७ माणसं गेली. तिचं मॉडेल आजही जगभर केलं जातं. वाद असा की, त्या सकाळी तिचा रंग कोणता होता? एक पक्ष म्हणतो ५-डी, म्हणजे गडद राखाडी. दुसरा म्हणतो ५-एस, म्हणजे समुद्री निळा.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाच्या साधनांना 'प्रमाणं' म्हणतात. त्याच चाळणीतून हे पुरावे काढून बघू.

पहिलं शब्दप्रमाण. इथे ते म्हणजे नौदलाचे लेखी आदेश. १९४१ मध्ये गडद राखाडी मागे पडून निळसर रंग येत होते, हे कागदोपत्री दिसतं. पण आदेश निघाला म्हणजे त्याच दिवशी रंग लागला, असं होत नाही. एवढी मोठी नौका रंगवायला वेळ लागतो, माणसं लागतात, आधी रंग पोहोचावा लागतो. म्हणून आदेशाची तारीख एक आणि ब्रश लागल्याची तारीख दुसरी.

दुसरं अनुमान, म्हणजे फोटोवरून काढलेला निष्कर्ष. फोटो कृष्णधवल, आणि दोन्ही रंग गडद. फोटोत उरतो तो फक्त उजळपणा. त्यातही फिल्मचा स्वभाव असतो: ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नाही, निळा मात्र उजळ येतो. फिल्म कोणती, ऊन कसं होतं, हे कळल्याशिवाय अनुमान लंगडंच राहतं.

तिसरं, प्रत्यक्ष पाहिलेल्यांचं सांगणं. वाचलेल्यांपैकी काहींना नौका निळी आठवत होती. आता गंमत बघा, नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, मानत नाहीत. ती आधीच्या अनुभवावर उभी असते. म्हणून ती फेकून द्यायची का? नाही. ती आदेशाशी जुळते का, ते पाहायचं. दोन वेगळ्या वाटांनी आलेले पुरावे एकाच जागी भेटले, की दाव्याला वजन येतं.

बरं, नाव ठरलं तरी छटा ठरत नाही. युद्धकाळात अमेरिकन नौदल ५-यू हा पांढरा रंग आणि ५-टीएम ही निळसर पेस्ट पुरवत असे. पेस्टचं प्रमाण वाढवलं की रंग गडद. कृती एक, पण ढवळणारे हात अनेक! जुन्या शेडकार्डांवरही डोळे मिटून विसंबू नये. तेलाचा रंग अंधारात राहिला की पिवळसर होतो, आणि मग निळसर राखाडी हिरवट वाटायला लागतो. म्हणूनच जाणकार मुन्सेल पद्धतीच्या आकड्यांत बोलतात: रंगछटा, उजळपणा आणि तीव्रता.

आता आपल्या टेबलावर येऊ. दोन रंग ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळतात आणि उन्हात वेगळे दिसतात. तेव्हा मॉडेल जिथे ठेवणार, त्याच उजेडात रंग जुळवा. दुसरं म्हणजे अंतर. १:३५० प्रमाणातलं मॉडेल आपण दोन फुटांवरून पाहतो, म्हणजे खरी नौका ७०० फुटांवरून. मधल्या हवेमुळे ती किंचित फिकी दिसते. म्हणून काहीजण रंगात थोडा पांढरा मिसळतात. किती, हा डोळ्यांचा निर्णय. त्याला नियमाचा आव आणू नये.

मग 'अचूक' म्हणायचं तरी काय? माझ्या मते डबीवरच्या नावाला अचूक म्हणू नये. मॉडेलशेजारी एक चिठ्ठी ठेवा: नौका कोणत्या दिवशीची, रंग कोणत्या पुराव्यावरून घेतला, आणि त्यातलं अनुमान किती. ज्यांच्या घरातलं माणूस तिथे गेलं, ते कदाचित हेच मॉडेल पाहून म्हणतील, 'अशी होती ती.' त्यांना छान रंग तर द्यावाच. पण तो आपण कशाच्या जोरावर दिला, हेही सांगणं लागतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.