गव्हाविना युरोप, तोही एकटीनं

मिनिआपोलिसमध्ये मिसिसिपीच्या काठावर वॉशबर्न गिरणीच्या भिंती अजून उभ्या आहेत. १८८० ते १९३० या काळात गव्हाचं पीठ दळण्यात या शहराचा हात धरणारं जगात कुणी नव्हतं. तिथून अर्ध्या तासावर, ईडन प्रेरीत, माझं घर आहे आणि त्या घरात कणकेचा डबा नाही.

मला सिलिअॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. शंभरात साधारण एकाला हा आजार असतो. त्यावर गोळी नाही. जन्मभराचं पथ्य हाच उपचार. ‘अर्धी पोळी खाल्लीस तर काय होतंय?’ असं मायेनं म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना मी आमच्याच राज्यातल्या रॉचेस्टरचं, मेयो क्लिनिकचं संशोधन सांगते. १९४८ ते १९५४ या काळात हवाई दलातल्या तरुणांचं घेतलेलं रक्त जपून ठेवलेलं होतं. डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा तपासलं. २००९ साली निष्कर्ष छापून आले: आजार असूनही ज्यांचं निदानच झालं नव्हतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास चौपट होतं.

एवढं कडक पथ्य असताना बाईनं एकटीनं युरोप फिरावा का? अवश्य फिरावा.

आमच्या विमानतळावरून अॅमस्टरडॅमला थेट विमान जातं. गहू आणि हा आजार यांचं नातं ज्या देशानं उलगडलं, तोच हा देश. हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना तिशीच्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४४-४५च्या भुकेच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हाच्या आणि पाव परतल्यानंतरच्या बालरुग्णांच्या अवस्थेनं तो संशय बळकट केला. १९५० साली त्यांनी उट्रेख्टला प्रबंध सादर केला. त्याआधी या मुलांना केळ्यांवर ठेवत. अनेक मुलं दगावत. डिकेंचं ऋण माझ्यासारख्या प्रत्येकावर आहे.

युरोपातला दुसरा मोठा आधार कायद्याचा. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात चौदा अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. पाकिटावर ते ठळक छापावे लागतात आणि उपाहारगृहानंही विचारल्यावर सांगावं लागतं. ग्लूटेन असलेली सगळी धान्यं त्या यादीत आहेत. अमेरिकेत गहू लिहावाच लागतो, जव मात्र वेगळा दाखवण्याची सक्ती नाही. म्हणून इथे ‘माल्ट’ शब्द शोधत बसावं लागतं. ‘ग्लूटेनविरहित’ म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, ही अट मात्र दोन्हीकडे सारखीच.

एकटीनं पहिल्यांदा निघणारीनं इटलीपासून सुरुवात करावी. पिझ्झा-पास्त्याचा देश म्हणून आपण बिचकतो, पण तिथल्या रुग्णांची संघटना १९७९ पासून काम करते आहे आणि हॉटेलवाल्यांना प्रशिक्षणही देते. तिथल्या रुग्णांना ग्लूटेनविरहित अन्नासाठी सरकारकडून दरमहा मदत मिळते. त्यामुळे लहान गावातल्या औषधांच्या दुकानातही असा पाव मिळू शकतो. ‘सेन्झा ग्लूतिने’ एवढे दोन शब्द पाठ करावेत. पास्ता ग्लूटेनविरहित असला तरी तो उकळायचं पाणी वेगळं होतं का, हे विचारायचंच. फ्रान्समध्ये ब्रिटनीकडची कुट्टूच्या पिठाची धिरडी मोह घालतात. पण पिठात गहू मिसळलेला असू शकतो, नाहीतर तवा तोच असतो. पॅरिसमधल्या शांबेलां बेकरीत मात्र तांदूळ आणि कुट्टूचेच पाव भाजतात.

आपल्याला हमखास फसवतं ते भारतीय हॉटेल. वरण-भात दिसला की जीव निवांत होतो. पण डब्यातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं आणि भजी सामोशाच्याच तेलात तळलेली असतात. घरून न्यायच्या जिनसांचंही तसंच. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. ज्वारी गव्हामागून त्याच गिरणीत दळलेली असते. मी उपासाची भाजणी, घरचा दाण्याचा कूट आणि राजगिऱ्याच्या वड्या नेते. तूप मात्र नेता येत नाही: बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे.

एकटीच्या प्रवासात खरी अडचण भिडेची. सोबत कुणी असलं की आपल्या वतीनं तो विचारतो. एकटीला वेटरला थांबवून सुरी, तवा, तेल, पाणी सगळं स्वतःच विचारावं लागतं, मागे रांग असली तरी. आपण यजमानाचं मन मोडू नये म्हणून ताटात पडेल ते खाणारी माणसं. पण भीड भिकेची बहीण, हे इथे अक्षरशः खरं ठरतं. मी स्थानिक भाषेत आजाराची माहिती लिहिलेलं कार्ड पुढे करते. गर्दीची वेळ टाळून जेवायला जाते. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर उठते. एका शहरात अशी उठून बाहेर आले आणि रात्रीचं जेवण केळी-दाण्यांवर भागवलं. त्या रात्री मी नीट झोपले, दुसऱ्या दिवशी मनसोक्त चालले. एकटीचा फायदाही इथेच: आपल्या पथ्यापायी कुणाचा बेत बिघडेल, हे ओझं मनावर राहत नाही.

एवढं ठामपणे विचारायला पक्कं निदान मात्र हवं. आपल्याकडे पोट बिघडलं की लोक मनानंच गहू सोडतात. तसं करू नका. गहू सोडल्यावर केलेली तपासणी फसवी ठरू शकते. सततचा अॅनिमिया, जुलाब, घटणारं वजन अशी लक्षणं असतील किंवा सख्ख्या नात्यात कुणाला सिलिअॅक असेल, तर गहू खात असतानाच डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या.