लग्न आजींच्या अंगणात

मागील वर्षी होळीनंतरच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक परिचित गृहस्थ आले. राहुरी तालुक्यात त्यांची शेती आहे आणि त्यांचे कुटुंब गेली वीस-पंचवीस वर्षे माझ्याकडे औषधोपचार घेत आले आहे. त्यांच्या मातोश्री ८१ वर्षांच्या. हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी झालेली, पायांवर सूज, सकाळी व दुपारी लघवीची गोळी आणि झिजलेले गुडघे. नातीचे लग्न वैशाखात ठरले होते. घरापासून तीस किलोमीटरवरचे एक लॉन पाहून ठेवले होते, फक्त विसार द्यायचा बाकी होता. गृहस्थ संकोचाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लग्नाच्या आदल्या दिवशी आईला ताकदीचे एक सलाईन लावा. दोन दिवस तिने तग धरला की झाले. नातीवर अक्षता टाकल्याशिवाय डोळे मिटणार नाही, असे ती सगळ्यांना सांगत असते."

लग्नसराई जवळ आली की ही विनंती मला दरवर्षी चार-दोन घरांतून ऐकावी लागते. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. ज्याचे हृदय अंगातले नेहमीचे पाणीच पुरते खेळवू शकत नाही, त्याच्या शिरेतून आणखी बाटलीभर पाणी सोडले तर ते फुप्फुसांत साचते व रात्री धाप लागून रुग्णालय गाठावे लागते. हे मी त्यांना समजावून सांगितले. मग ते म्हणाले, "तर मग आईला घरीच ठेवावे लागेल. तिच्याजवळ कोणीतरी थांबेल." मी म्हणालो, "आईंना लग्नाला नेता येत नसेल, तर लग्नच आईंच्या दारात आणता येणार नाही का?"

असे सुचवण्याचा मला वैद्यकीय अधिकार होताच. परंतु त्यामागचे खरे कारण माझ्या स्वतःच्या घरात घडलेले आहे.

आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे लग्न झाले. पाहुणे हजाराच्या आसपास. माझे वडील तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि मधुमेहासाठी साखर उतरवणारी गोळी घेत असत. सकाळी आठ वाजता त्यांनी चहा-बिस्किटांबरोबर गोळी घेतली. मुहूर्त साडेबाराचा होता. लग्न लागले दोन वाजण्याच्या सुमारास. मधल्या काळात त्यांना व्यासपीठाजवळच्या मोठ्या खुर्चीत बसवले होते. येणारा प्रत्येक जण त्यांच्या पाया पडत होता, पण खायला कोणी काही दिले नाही. बँडच्या आवाजात त्यांचे बोलणेही कोणाला ऐकू आले नसावे. आजोबांना दरदरून घाम आला आहे आणि ते असंबद्ध बोलत आहेत, हे प्रथम एका वाढप्याच्या लक्षात आले. डॉक्टर असलेला मुलगा त्या वेळी फेटा बांधून आहेर स्वीकारत उभा होता. साखर तपासली तेव्हा ती ४८ निघाली. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून साखरेचे पाणी घोटघोट पाजता आले व अर्ध्या तासात ते सावरले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "लग्न लागले का रे?"

ज्या नातीला त्यांनी बोट धरून शाळेत पोहोचवले, तिच्या लग्नात ते चार तास बसून होते आणि लग्न त्यांनी पाहिले नव्हते.

शरीराला काय सोसावे लागते

आपल्याकडील बहुतेक लग्ने उन्हाळ्यात होतात. नगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, घामाचे प्रमाण कमी होते आणि लघवीची किंवा रक्तदाबाची काही औषधे शरीराला उष्णता सोसणे अधिक अवघड करतात. त्यातच स्वच्छतागृह दूर, ओले किंवा भारतीय पद्धतीचे असेल, तर अनेक वृद्ध स्त्रिया सकाळपासून मुद्दामच पाणी पीत नाहीत. तासन्‌तास एकाच खुर्चीत बसल्याने पायांची सूज वाढते आणि एकदम उठताना भोवळ येते.

आवाजाचा त्रास तर वेगळाच. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. डीजेच्या भिंतीसमोर ती कित्येक पटींनी ओलांडली जाते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना मोठा आवाज सोसतो, हा गैरसमज आहे. गोंगाटात त्यांना शब्द मुळीच उलगडत नाहीत आणि ते गर्दीत एकटे पडतात. विस्मरणाचा आजार असणाऱ्यांची स्थिती याहून बिकट होते. अनोळखी जागा, अनोळखी चेहरे व संध्याकाळची वेळ यांनी त्यांचा गोंधळ वाढतो आणि "मला घरी न्या" हा धोशा सुरू होतो.

घरातील लग्नात यातील बहुतेक अडचणी उरत नाहीत. स्वतःचा पलंग, ओळखीचा संडास, नेहमीची पायरी आणि थकवा आला तर दार लोटून पडण्याची सोय हे सारे वृद्धांच्या दृष्टीने औषधाइतकेच मोलाचे आहे.

ही रीत नवी नाही

दारात मांडव घालूनच लग्न करण्याची आपली रीत होती, हे ज्येष्ठ वाचकांना सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात तर अनेक घरांनी मोजक्या माणसांत, साध्या जेवणावर मंगलकार्ये उरकली. साधेपणाला विचारांचे अधिष्ठानही आपल्याच मातीत लाभले आहे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुरोहित नाही, बडेजाव नाही. वधूवरांनी आप्तेष्टांसमक्ष एकमेकांना दिलेली वचने हाच त्याचा गाभा. पुढे १२ जून १९४६ रोजी पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांचा विवाह रत्नागिरीस सुनीताबाईंच्या वडिलांच्या घरी नोंदणी पद्धतीने झाला. खर्च झाला तो अर्जाचे आठ आणे.

जुन्या घरगुती लग्नांत सारेच गोड होते, असे मात्र मी म्हणणार नाही. चार-चार दिवस चाललेल्या कार्यात घरच्या स्त्रिया चुलीपुढून हलत नसत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, शासनाने लग्नाला २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली, तेव्हा ती लग्ने भीतीच्या सावटाखाली झाली. तरीही त्या काळातून बाहेर पडल्यावर काही कुटुंबांनी मला आवर्जून सांगितले, की एवढ्या थोड्या माणसांत आजी-आजोबांना प्रत्येक विधी जवळून पाहता आला. २०२५ साली अहिल्यानगरातच मराठा समाजातील मंडळींनी विवाहासाठी आचारसंहिता ठरवली. शंभर-दोनशे पाहुण्यांत लग्न, डीजेला फाटा, कर्ज काढून खर्च नको, असा तिचा रोख होता. म्हणजे प्रश्न आता घरोघरी पोहोचला आहे.

आखणी कशी करावी

राहुरीच्या त्या गृहस्थांची खरी अडचण वेगळी होती. "मी शेकडो घरच्या लग्नांत जेवून आलो, आहेर करून आलो. त्यांना आता कोणत्या तोंडाने वगळू?" त्यांची ही भीती खोटी नव्हती. त्यावर तोडगा त्यांच्या पत्नीनेच काढला. लग्नाला दोन्हीकडचे मिळून सत्तर जण. उरलेल्या गावकऱ्यांसाठी पुढच्या रविवारी सकाळी ओसरीवर फक्त चहा-पोहे आणि नवदांपत्याची भेट. वरपक्ष राजी होईल का, अशी धाकधूक होती. फोन केला तेव्हा कळले, की नवरदेवाचे आजोबाही काठीच्या आधाराने चालतात आणि दूरच्या लॉनवर त्यांना कसे न्यावे, हीच चिंता त्या घरालाही होती.

त्यानंतर आम्ही कागद घेऊन बसलो. त्या आखणीतील काही गोष्टी सर्वांच्या उपयोगी पडतील.

वेळ : उन्हाळ्यात विधी सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर ठेवावेत. मांडवाला पत्र्याऐवजी जाड कापड किंवा शेडनेट घालावे. होमाचा धूर दम्याच्या व फुप्फुसांच्या रुग्णांना बाधतो. त्यांची खुर्ची वाऱ्याच्या उलट बाजूस असावी.

बैठक : ज्येष्ठांना हातांची, टेकू असलेली, फार खोल नसलेली खुर्ची द्यावी आणि ती वधूवरांपासून दहा पावलांच्या आत ठेवावी. विजेच्या तारा, गालिच्याच्या दुमडलेल्या कडा आणि फरशीवर सांडलेल्या अक्षता यांवरून पाय घसरतो. वाट मोकळी व झाडलेली ठेवावी. पाहुण्यांची संख्या ठरवताना घरातील संडास-न्हाणीघर किती जणांना पुरेल, हा हिशेबही धरावा.

जेवण व औषधे : मधुमेही ज्येष्ठांना मुहूर्ताची वाट पाहायला लावू नये, ठरल्या वेळी त्यांचे पान आधी वाढावे. अचानक घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल, अथवा यंत्र जवळ नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पापड, लोणचे, मिठाचा मठ्ठा टाळावा आणि लघवीची गोळी प्रवास किंवा समारंभासाठी मनाने बंद करू नये. बासुंदी, खवा, पनीर हे पदार्थ उन्हाळ्यात तासाभराहून अधिक काळ उघड्यावर राहिले तर पोट बिघडवतात. त्यापेक्षा गरम लापशी, पुरी-भाजी व साधा वरण-भात बरा.

उष्माघात : अंग तापलेले आणि बोलण्यात भ्रम असेल तर सावलीत आडवे करावे, ओल्या कापडाने अंग पुसावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नोंदणी : लग्न घरी झाले तरी विवाह नोंदणी अवश्य करावी. नोंदणी पद्धतीने विवाह करायचा असल्यास विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. त्याच कायद्यात, ठरावीक जादा शुल्क भरून, कार्यालयापासून वाजवी अंतरावरील अन्य ठिकाणी विवाह लावण्याची तरतूद आहे. साक्षीदार तीन लागतात.

सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द

प्रत्येक घरात एखादी सून किंवा मुलगी अशी असते, जिला लग्नाच्या दिवशीही आजींच्या खोलीतून बाहेर पडता येत नाही. तिने नवी साडी नेसलेली असते, पण लग्न पाहिलेले नसते. यासाठी दोन-दोन तासांच्या पाळ्या आधीच कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात आणि त्यांत पुरुषांची नावेही असावीत. स्वयंपाक आचाऱ्याकडे द्यावा. लग्न घरचे आहे म्हणून घरच्या स्त्रियांनी राबावे, असा त्याचा अर्थ होऊ देऊ नये.

ठरल्या दिवशी मीही सकाळी त्या अंगणात होतो. सनई होती, ती एका लहान ध्वनिक्षेपकावर आणि बेताच्या आवाजात. आजींनी नाश्ता केलेला, गोळी घेतलेली. चिंचेच्या सावलीत त्यांची खुर्ची. शेजारी नवरदेवाचे आजोबा काठी टेकून बसलेले. मंगलाष्टके चालू असताना आजींनी एकदाही मुठीतल्या अक्षता आधी टाकल्या नाहीत. अंतरपाट दूर होईपर्यंत थांबल्या आणि मग उभे राहण्यासाठी त्यांनी मुलाकडे हात पुढे केला. पुढे तास-दीड तास त्या आत जाऊन झोपल्या आणि जेवणाच्या पंगतीला पुन्हा बाहेर आल्या.

हृदयाच्या अशा रुग्णांचे वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले तर पाणी साचत असल्याची ती सूचना असते. म्हणून मी त्यांना चौथ्या दिवशी दवाखान्यात बोलावले. वजन पाऊण किलोने वाढलेले निघाले. मी सुनेकडे पाहिले, सुनेने आजींकडे पाहिले. "दोन पापड खाल्ले," आजी म्हणाल्या. "नातीच्या लग्नाचे होते, डॉक्टर. आता पुन्हा मागणार नाही."