प्रवासासाठी घडीची बाबागाडी घेताना

लहान मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्या आई-वडिलांकडून अलीकडे एक प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. प्रवासात न्यायला हलकी, मिटणारी बाबागाडी घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी निवडावी? विचारणाऱ्यांत दीक्षाभूमीला जाणारे आहेत, बुद्धगया-सारनाथच्या सहलीत नाव नोंदवलेले आहेत, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहून सुट्टीत गावी जाणारेही आहेत. पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. बाळ आईच्या कडेवर नाहीतर आजीच्या मांडीवर असायचे आणि घरातली चार माणसे त्याला आळीपाळीने घ्यायची. आता प्रवासाला निघणारी मोठी माणसे दोन, त्यांचे हात चार, आणि त्या चार हातांत दोन बॅगा, डबा, पाण्याची बाटली. अशा वेळी बाबागाडी हवीशी वाटली तर त्यात काही चूक नाही.

दुकानात मात्र रंग, पुढचा खेळण्यांचा दांडा आणि सवलतीची किंमत आधी दाखवली जाते. आमच्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. बाळाची मान सावरली आहे का, आणि ही गाडी जिन्यावरून उचलून कोण नेणार आहे.

मानेपासून सुरुवात करू. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेचे स्नायू मात्र अजून कच्चे असतात. अशा बाळाला बसते ठेवले की डोके पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. मऊ नळी मधेच दुमडावी तसा हा प्रकार. बाळ रडत नाही, धडपडत नाही, शांत झोपल्यासारखेच दिसते. धोका आहे तो इथेच. छत्रीसारख्या मिटणाऱ्या बहुतेक हलक्या गाड्यांची बैठक कापडाची आणि खोलगट असते, पाठ थोडीशीच मागे झुकते. अशा गाडीत सहा महिन्यांच्या आतले बाळ ठेवू नये. सहा महिने हा ढोबळ हिशेब झाला. खरी खूण म्हणजे बाळ आधाराशिवाय बसू लागणे, आणि ते काही मुलांना आठव्या महिन्यात जमते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाई करू नये.

त्याहून लहान बाळासाठी गाडी हवीच असेल तर जिची पाठ जवळजवळ सपाट होते अशीच घ्यावी. ती वजनाला थोडी जास्त भरते, त्याला इलाज नाही. मोठे मूलही गाडीत झोपले की पाठ मागे करावी, पट्टे लावलेलेच ठेवावेत, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर त्याला सपाट अंथरुणावर निजवावे. गाडीतले बाळ कण्हल्यासारखा आवाज करत असेल, नाकपुड्या फुगत असतील, ओठ निळसर दिसत असतील तर विचार करत बसू नका. आधी बाहेर काढून मान सरळ करा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

आता गाडी उचलणाऱ्याचा विचार. बहुतेक घरांत ती आईच असते, हे लिहायला नको. आपल्याकडे प्रवास म्हणजे जिने. स्टेशनचा पादचारी पूल, एस.टी.च्या उंच पायऱ्या, लिफ्ट नसलेली चाळ किंवा इमारत. एका कडेवर दहा किलोचे मूल आणि दुसऱ्या हातात गाडी, असा तो हिशेब असतो. घडीच्या गाड्या साधारण चार ते आठ किलोंपर्यंत मिळतात. चार आणि आठ यांतला फरक दुकानात जाणवत नाही, पुलाच्या विसाव्या पायरीवर जाणवतो. म्हणून खरेदीला जाताना मूल सोबत न्यावे, त्याला कडेवर घ्यावे आणि दुसऱ्या हाताने गाडी मिटून, उचलून पाहावी. विक्रेता दोन्ही हातांनी सफाईने मिटून दाखवतो, ते पाहून ठरवू नये. मिटलेली गाडी आपोआप उघडू नये यासाठी खटका असतो, तो नीट बसतो का तेही पाहावे.

या गाडीची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. ओवेन मॅक्लारेन हे इंग्लंडमधले विमान अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते. आपल्या मुलीला नातवंडासह प्रवासात जड बाबागाडी ओढताना त्यांनी पाहिले आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. १९६५ मध्ये त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. वजन होते सुमारे पावणेतीन किलो. विमानाची चाके पोटात मिटतात, त्याच विचाराने ही गाडी मिटते. पण जिथे सांधे मिटतात तिथे बोट सापडण्याचाही संभव असतो. २००९ साली अमेरिकेत याच कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांध्यांवर बसवायची आवरणे द्यावी लागली, कारण गाडी उघडता-मिटताना लहान मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा गाडी कोणाचीही असो, उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतरावर नसावे, आणि सांध्यांवर आवरण असावे.

पट्टे पाच ठिकाणी अडकणारे हवेत. दोन खांद्यांवरून, दोन कमरेपाशी आणि एक पायांच्या मधून. स्वस्त गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो. झोपलेले मूल त्यातून हळूहळू खाली घसरते, आणि पुढे आडवा दांडा असेल तर धड खालून निसटून मान अडकू शकते. पुढचा दांडा मुलाला धरायला असतो, अडवायला नव्हे. “दोन मिनिटांसाठी कशाला पट्टा” असे म्हणू नये, मूल पडायला दोन मिनिटे पुरतात.

ब्रेकची गोष्ट रेल्वेच्या फलाटावर कळते. पाणी वाहून जावे म्हणून फलाटाला किंचित उतार असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण चाकांना कळतो. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात ॲशबर्टन स्टेशनवर आईचा हात क्षणभर सुटला आणि सहा महिन्यांच्या बाळासह गाडी घरंगळत रुळांवर, येणाऱ्या रेल्वेसमोर पडली. बाळ वाचले, पण अशा दैवावर कोणी विसंबू नये. फलाटावर बाबागाडी रुळांना समांतर उभी करावी, तोंड रुळांकडे कधीच नको. दोन्ही मागच्या चाकांचे ब्रेक लावावेत आणि तरीही हात काढू नये. रेल्वे येण्याच्या आधीच मूल कडेवर आणि गाडी मिटलेली असावी. मुलासकट बाबागाडी उचलून डब्यात चढवण्याचा प्रकार आम्ही पाहिला आहे. फलाट आणि डबा यांमधली फट लक्षात घेता तो करू नये. सरकत्या जिन्यावरही तसेच, लिफ्ट नसेल तर मूल कडेवर घेऊन साध्या जिन्याने जावे.

चाकांबद्दल थोडे. लहान, कडक चाके विमानतळाच्या किंवा मॉलच्या फरशीवर लोण्यासारखी फिरतात. आपल्या फुटपाथवरच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये ती अडकतात, गाडी जागीच थांबते आणि मूल पुढे झुकते. थोडी मोठी चाके घेतली तर वजन अर्धा-एक किलोने वाढते, पण गावी जाणाऱ्यांनी ते पत्करावे. दुकानाबाहेरच्या रस्त्यावर दहा पावले गाडी ढकलून पाहायला मागावी. हँडल ढकलणाऱ्याच्या कमरेच्या आसपास यावे. फार खाली असेल तर दिवसभर वाकून चालावे लागते आणि रात्री पाठ बोलते.

हँडलला पिशव्या अडकवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पाच किलोची गाडी, आठ किलोचे मूल आणि मागे लटकलेली चार किलोची पिशवी. मूल बसलेले असते तोवर तोल राहतो, त्याला उचलले की गाडी मागे कलंडते. दुसरे भावंड मागे लोंबकळले तर मुलासकट कलंडते. हलक्या गाडीचे वजन कमी असणे हा गुण आहे, तसा हा तिचा अवगुणही. सामान बैठकीखालच्या जाळीत, तेही जाळीला झेपेल एवढेच. गाडीवर किती किलोंपर्यंतचे मूल चालते ते लिहिलेले असते. बहुतेकदा पंधरा किलो, काहींत बावीस. सोबत ‘ईएन १८८८’ हे युरोपीय मानक लिहिलेले असेल तर ती गाडी पट्टे, ब्रेक आणि तोल यांच्या कसोट्यांसाठी तपासलेली असल्याचा कंपनीचा दावा आहे, एवढे समजावे.

ऊन आणि धूर यांचा विचार आपल्याकडे जास्त करावा लागतो. विदर्भात एप्रिलमध्ये गाडीवर ओढणी किंवा दुपटे पांघरून बाळाला “सावली” केली जाते. कोरडे कापड चारी बाजूंनी टाकले की आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापते, शिवाय बाळ दिसेनासे होते. गाडीचे छत पुढे ओढावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की पातळ सुती कापड ओले करून घातले आणि छोटा पंखा लावला तर गाडीतले तापमान उलट उतरते. कूलर वापरणाऱ्या घरांना याचे कारण समजावून सांगायला नको. कोकणच्या दमट हवेत मात्र हा उपाय तितका चालणार नाही. भर दुपारी बाहेर न पडणे हेच उत्तम. धुराचे म्हणाल तर गाडीतल्या मुलाचे तोंड मोटारींच्या धुराच्या नळीच्या आसपासच्या उंचीवर येते. ब्रिटनच्या सरे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली दाखवून दिले की मोठ्यांच्या तुलनेत अशा मुलांच्या वाट्याला साठ टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण येऊ शकते. सिग्नलपाशी गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन उभी करू नये, चार पावले मागे थांबावे.

आणि किती वेळ बसवावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या सूचनांत म्हटले आहे की मुलाला गाडीत किंवा पाठीशी बांधून सलग एक तासाहून जास्त जखडून ठेवू नये. प्रवासात याचा अर्थ सोपा आहे. तासाभराने पट्टे सोडा, लंगोट पाहा, दूध किंवा पाणी द्या, सतरंजी अंथरून हातपाय हलवू द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाणी नाही, अंगावरचे दूधच.

काही ठिकाणी गाडी नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहा डिसेंबरला दादरच्या रांगेत, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या गर्दीत बाबागाडी मुलाचे रक्षण करत नाही. गर्दीला ती दिसत नाही, लोक तिला अडखळतात आणि रेटा आला तर मोठी माणसे मुलावर पडतात. तिथे मूल छातीशी बांधलेल्या झोळीत किंवा कापडी कॅरियरमध्ये हवे. तोंड उघडे, हनुवटी छातीपासून सुटी, आणि मान वाकवली तर त्याच्या डोक्याची पापी घेता येईल इतके वर. अजिंठ्याच्या पायऱ्यांवरही गाडीचे ओझेच होईल, तिथे आजोबांचा खांदा बरा. रेल्वेच्या डब्यात गाडी मिटून खालच्या बर्थखाली सरकवावी. एस.टी.त मधल्या वाटेत ठेवू नये, कोणीतरी अडखळतेच.

वर्षातून एकदा-दोनदाच प्रवास होत असेल तर नवी गाडी घेण्यापेक्षा नातेवाइकांची मागून घेणे शहाणपणाचे. मूल आठ-नऊ महिन्यांचे झाल्यापासून अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंतच तिचा खरा उपयोग, म्हणून पुष्कळ घरांत चांगल्या गाड्या माळ्यावर पडून असतात. अशी गाडी घेताना आधी ती उघडून रिकामीच जोरात हलवून पाहावी. सांधे खिळखिळे वाजत असतील, नळीला चीर असेल, बकल ओढल्यावर निघत असेल, किंवा ब्रेक लावूनही चाक फिरत असेल तर भिडेखातर घेऊ नये. बाकी सगळे दुरुस्त होण्यासारखे असते. कापड काढून साबणाने धुवावे, कडक उन्हात वाळवावे, चाकांत गुंतलेले केस आणि दोरे कात्रीने कापून काढावेत. मग प्रवासाच्या आठ दिवस आधीपासून मुलाला तीत रोज थोडा वेळ घराजवळ फिरवावे, म्हणजे स्टेशनवर ते पहिल्यांदाच पट्ट्यांत अडकून आकांत करणार नाही.